वाटी बदलली, सूज उतरेना

आमच्याकडे कळंबला कुणाच्या गुडघ्याचे मोठे ऑपरेशन झाले की लोक म्हणतात, "तिची वाटी बदलली." ऐकायला किती सोपे! मोटारपंपाचे वायसर बदलावे आणि पाणी धो धो सुरू व्हावे, तसे काहीसे ऐकणाऱ्याला वाटते. मग घरी आलेली बाई रात्रभर कण्हते, पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजतो, पोटरीवर काळेनिळे उतरते आणि माजघरात कुजबुज सुरू होते, "ऑपरेशन बिघडलं की काय?" आजचे हे लिहिणे त्या कुजबुजीसाठी आहे.

मी डॉक्टर नव्हे. शेतीचा पदवीधर, पेशाने विस्तार अधिकारी. बियाणे, खते, फवारणी हे सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. पण आमच्या घरात दोन गुडघे बदलले गेले, दोन्ही एकाच बाईचे, चौदा महिन्यांच्या अंतराने. पहिल्या गुडघ्याला मी माझे शहाणपण लावले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितले तेच केले. आम्ही शेतावर प्रात्यक्षिक घेतो तेव्हा एकाच जमिनीत दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवतो, तसेच हे झाले म्हणा. एका प्रात्यक्षिकावरून शिफारस करू नये हे मला ठाऊक आहे. पण डॉक्टर मंडळी जे सांगतात ते खरे कसे ठरले, एवढे तरी त्यातून दिसेल.

ही बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. माहेर कळंब, सासरही कळंबच. जन्म सगळा वाडीत गेला. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, दादरच्या फुलबाजाराला जाणारी टोपली गाडीच्या वेळेला बांधून द्यायची, पावसाळ्यात भाताची लावणी, नंतर वाल, आणि उरलेला दिवस चुलीपाशी पाटावर बसून विळी. अशा बाईचे गुडघे साठीत झिजले यात नवल नाही. वजन, घराण्यातला दोष, वय हीही कारणे असतात, पण उकिडवे बसण्याचा वाटाही मोठा. शेवटी शेवटी घरापासून वाडीच्या कुंपणापर्यंत जाताना ती दोनदा नारळाच्या बुंध्याला टेकून उभी राहायची. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात तिचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती.

आधी एक समजून घ्या. 'वाटी बदलली' म्हणतात खरे, पण वाटी हा या ऑपरेशनातला लहान भाग आहे. पुष्कळदा ती आहे तशीच ठेवतात किंवा तिच्या आतल्या बाजूला पातळ प्लॅस्टिक बसवतात. मुख्य काम मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर आणि नडगीच्या वरच्या टोकावर. झिजलेला पृष्ठभाग कापून तिथे धातूचे टोपण बसवतात आणि दोहोंच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती. म्हणजे दोन हाडे कापली गेली, भोवतालचे मांस बाजूला सारले गेले, शिवले गेले. एवढी नांगरट झाल्यावर सूज येणारच. ती बिघाडाची खूण नव्हे, शरीर दुरुस्तीला लागल्याची खूण आहे. सूज पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, नंतर हळूहळू उतरते, पण संध्याकाळची थोडी सूज तीन ते सहा महिने राहू शकते. गुडघा हाताला कोमट लागणे तर कित्येकांना त्याहून जास्त काळ चालते. काळेनिळे खाली घोट्यापर्यंत उतरते ते रक्त उताराला वाहते म्हणून. पाणी उताराला जाते हे शेतकऱ्याला सांगायला नको. जखमेच्या बाहेरच्या बाजूला थोडी कातडी बधिर राहते, आणि चालताना कधी 'टक' असा आवाज येतो तो धातू प्लॅस्टिकवर टेकल्याचा. हे सारे आधी कुणी सांगितले असते तर आक्काच्या घरातली निम्मी काळजी तिथेच संपली असती.

आपल्याकडे या ऑपरेशनाचे नाव घरोघर झाले ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, उजवा जून २००१ मध्ये, तिथेच. दोन्ही ऑपरेशने न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. हे राणावत मूळचे मध्य प्रदेशातले. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्या मंडळींनी आजच्या पद्धतीच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया घातला, त्यांत ते होते. मला त्यातले एकच ध्यानात ठेवावेसे वाटते. देशाच्या पंतप्रधानाला, हाताशी हवे ते डॉक्टर असताना, एका गुडघ्यातून सावरून दुसऱ्याकडे वळायला आठ महिने द्यावे लागले. मग आपल्या घरची बाई तीन आठवड्यांत वाडीत का दिसत नाही म्हणून शेजारणींनी तोंडाला पदर का लावावा?

खर्चाचे थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा त्या वेळी करवगळता ५४,७२० रुपयांवर आणला. त्याआधी तो लाख-दीड लाखाच्या घरात जाई. रुग्णालयाचे बिल वेगळे. सरकारी योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून आधीच विचारा, दाखल झाल्यावर नव्हे.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

आक्का पाचव्या दिवशी घरी आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी, म्हणजे फिजिओथेरपिस्टनी, कागदावर चित्रे काढून दिली होती. घरी आल्यावर पहिल्याच रात्री ती रडली. मला बहिणीचे रडणे बघवेना. मी म्हणालो, "आक्का, राहू दे तो व्यायाम. जखम भरू दे. आधी विश्रांती, मग पुढचं." गुडघ्याखाली मऊ लोड मीच दिला, कारण गुडघा किंचित वाकलेला ठेवला की बरे वाटते. वेदनेच्या गोळ्या ती अर्ध्याच घेई. उरलेल्या उशीखाली. "गोळ्यांनी किडनी जाते," हे तिला कुणीतरी सांगितले होते. शेजारच्या काकूंनी मायेपोटी निर्गुडीचा पाला गरम करून शेक दिला. शेकाने सूज आणखी वाढली, वाढलेली सूज बघून मी म्हणालो, बघ, अजून विश्रांती हवी. असे सहा आठवडे गेले.

निर्गुडीला मी नावे ठेवत नाही. जुन्या दुखण्याला आमच्या आईनेही तोच शेक घेतला आहे. पण ताज्या ऑपरेशनाच्या गुडघ्याला उष्णता म्हणजे रक्ताला आणखी आमंत्रण, आणि बधिर कातडीला चटका बसला तरी कळत नाही. तेल चोळणे, लेप, मालीश यांचेही तेच. जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिथे काही लावायचे नाही.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा गुडघा सत्तर अंशांपलीकडे वाकेना, आणि पूर्ण सरळही होईना. खुर्चीत नीट बसायला नव्वद अंश लागतात, जिना उतरायला त्याहून जास्त. डॉक्टर मला रागावले नाहीत, हे जास्त लागले. फक्त म्हणाले, "जखम भरताना आत जाळी धरते. पाय हलता राहिला तर ती मऊ राहते, पडून राहिला तर दोरखंड होते." पुढे फेब्रुवारीत तिला पुन्हा भूल देऊन तो गुडघा वाकवून घ्यावा लागला. पुन्हा रुग्णालय, पुन्हा सूज, पुन्हा खर्च. शेतकऱ्याला मी सदैव सांगत आलो की शिफारशीत आपल्या मनाने घट-वाढ करू नका. घरी मी नेमके तेच केले होते.

मग दुखणे सोसायचे की टाळायचे?

इथे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो दुखते तर हलवू नको. दुसरा म्हणतो दात-ओठ खाऊन वाकव. दोन्ही चूक. जमीन चिखल असताना नांगर घालत नाहीत आणि भेगाळल्यावरही घालत नाहीत. वाफसा यावा लागतो. गुडघ्याचा वाफसा आणायचा तो गोळी, बर्फ आणि पाय उंच ठेवणे यांनी, आणि तो आला की त्या घटकेत व्यायाम उरकायचा. हे एवढे कळायला मला एक गुडघा खर्ची घालावा लागला.

सुजेचे महत्त्व आणखी एका कारणाने. गुडघ्यात पाणी साचले की मांडीचा पुढचा मोठा स्नायू झोपी जातो, बाईने कितीही मनात आणले तरी आवळत नाही. पाणी तुंबलेल्या वाफ्यात मुळे श्वास घेत नाहीत, तसेच. म्हणून सूज उतरवणे हे नुसते दिसण्यासाठी किंवा दुखण्यासाठी नव्हे, पायात जोर येण्यासाठी आहे.

गोळीचे असे. दुखणे डोक्यावर चढल्यावर गोळी घेतली तर ती त्याच्या मागे धावत राहते. पहिले दोन-तीन आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला ती घ्यायची, आणि एक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असे वेळापत्रक त्यांच्याकडूनच बसवून घ्यायचे. किडनीची भीती अगदी खोटी नाही. सूज उतरवणाऱ्या काही गोळ्या किडनीला, पोटाला आणि रक्तदाबाला त्रास देतात. म्हणूनच मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा अल्सर हे डॉक्टरांना आधी सांगायचे आणि दुकानातून 'अंगदुखीची एक द्या' असे म्हणून आणायची नाही. सर्दीतापाच्या पुडीतही पॅरासिटामॉल असते; दोन्हीकडून तेच पोटात गेले तर यकृतावर बेतते. जालीम गोळीने गुंगी येते आणि शौचाला खडा होतो. पाणी, पालेभाजी, पपई, केळी यांची वाडीत वाण नाही; एवढे करूनही अडले तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी किंवा इंजेक्शन दिले असेल तर ते सांगितलेल्या दिवसापर्यंत चुकवायचे नाही.

बर्फाची आमच्या किनाऱ्याला टंचाई नाही. पण मासळीच्या खोक्यातला बर्फ जखमेजवळ नेऊ नका! घरच्या पाण्याचा बर्फ फोडून प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घट्ट बांधा, पिशवीवर कोरडा पंचा गुंडाळा आणि पंधरा-वीस मिनिटे गुडघ्यावर ठेवा. उघड्या कातडीवर कधी नाही. दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः व्यायामानंतर आणि निजण्यापूर्वी. पट्टी ओली होता कामा नये. कातडी पांढरी पडली किंवा फोड आला तर थांबायचे.

पाय उंच ठेवायचा म्हणजे बाई आडवी पडलेली आणि पाय छातीपेक्षा वर. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो उंच होत नाही, फक्त आडवा होतो. उशा टाचेखाली आणि पोटरीखाली. गुडघ्याखाली नाही, नाही, नाही! माझा तो मऊ लोड आठवा. गुडघा वाकून पडून राहिला की वाकडाच धरतो आणि मग चाल लंगडी होते.

व्यायाम साधेच असतात, पण रोजचे. पडल्या पडल्या चवडा वर-खाली हलवायचा, तासातासाला. त्याने पोटरीतले रक्त साचत नाही. गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. टाच चादरीवरून घासत कुल्ल्याकडे ओढायची; टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घातली तर ती सहज सरकते. खुर्चीत बसून पाऊल मागे मागे न्यायचे. आणि टाचेखाली पंचाची गुंडाळी ठेवून गुडघा आपल्या वजनाने सरळ होऊ द्यायचा. हा शेवटचा बायकांना सर्वांत नकोसा, कारण तो ओढतो. पण सरळ होणे वाकण्याइतकेच मोलाचे. किती वेळा, किती अंश, हे तुमचे डॉक्टर सांगतील तसे. साधारणपणे दोन आठवड्यांच्या आसपास नव्वद अंश यावेत असे त्यांचे म्हणणे असते.

दुसऱ्या वेळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये डाव्या गुडघ्याला, मी माझ्या पेशाला शोभेल असे एकच काम केले. शिंप्याची टेप आणि शंभर पानी वही आणली. रोज सकाळी उठल्यावर, व्यायामापूर्वी, सुनेने गुडघ्याच्या मध्यावरून घेर मोजायचा आणि लिहायचा. शेजारी आदल्या दिवशी किती चालली, किती व्यायाम केला ते. सकाळचा घेर कालच्यापेक्षा वाढलेला दिसला आणि दुखणेही वाढलेले असले की समजायचे, काल जास्त झाले. आज चालणे निम्मे, बर्फ एकदा जास्त, पण हालचाल बंद नाही. घेर तेवढाच किंवा कमी असेल तर अंगणाला आणखी एक फेरी. संध्याकाळी सूज वाढते ती धरायची नाही, रात्रभर झोपून उतरली की झाले. बाराव्या दिवशी आक्काला एकदम हुरूप आला. कुणी नाही बघून ती वॉकर घेऊन विहिरीपर्यंत गेली आणि तिथे पाऊण तास उभी राहून सुनेला धुण्याचे शिकवीत बसली. वहीत दुसऱ्या दिवशी दीड सेंटिमीटर वाढ. मी वही दाखवली, तर म्हणते, "मेल्या, हे काय तुझं भाताचं पीक आहे का मोजायला?" पण त्यानंतर तीच सुनेला टेपची आठवण करू लागली.

तिसरा आठवडा सांभाळा. भेटायला येणारे थांबलेले असतात, टाके निघालेले असतात, घरच्यांना वाटते संपले. रात्री मात्र दुखते. पाठीवर निजून कंटाळा येतो, झोप मोडते, आणि बाई म्हणते, कशाला केले हे? दोन्ही वेळा आक्का या आठवड्यात रडली. पहिल्या वेळी मी लोड दिला. दुसऱ्या वेळी तिची सून रात्री तिच्याजवळ बसली, निजण्याआधीचा बर्फ आणि गोळी वेळेवर दिली, मधेच जाग आली तर चवडा हलवून घेतला, आणि वहीतला पहिल्या दिवसाचा आकडा तिला वाचून दाखवला.

आता जे थांबून चालत नाही ते. पोटरी एकाएकी दुखू लागली, कडक झाली, रात्रभर पाय उंच ठेवूनही सूज उतरली नाही, तर रक्ताची गुठळी असू शकते. पोटरी चोळायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. छातीत दुखले, दम लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट १०८ ला फोन. जखमेतून पाणी किंवा पू, पसरत जाणारी लाली, थंडी वाजून ताप, किंवा कमी होत आलेले दुखणे पुन्हा रोज वाढू लागणे, ही जंतूंची चाहूल; ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनाच दाखवा. गावातून प्रतिजैविक गोळी आणून परस्पर सुरू करू नका, त्याने खरा जंतू लपतो. आपल्या घरांत आणखी एक जपायचे. टाचेच्या भेगा, पायात मोडलेला काटा, किडलेला दात, लघवीची जळजळ, यांतले जंतू रक्तातून नव्या गुडघ्यात जाऊन बसू शकतात, आणि हे कित्येक वर्षांनीसुद्धा. म्हणून चिखलात आणि गोठ्यात अनवाणी नाही, मधुमेह असेल तर साखर ताब्यात, आणि दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर गुडघा बदलल्याचे आधी सांगायचे.

ऑपरेशनाची तारीख हातात असेल तर पावसाळा टाळा. आमच्या अंगणांना आषाढात शेवाळ धरते, वॉकर घसरला की सगळे मुसळ केरात. कात्री लागलेल्या चटया, मोरीतला उतार, उंबऱ्यापाशी पसरलेल्या चपला आधी बघून ठेवा. कॉट उंच हवी. संडासात उंच बैठक हवी. बिनतळाची प्लॅस्टिकची खुर्चीही चालते, ती हलत नसली म्हणजे झाले. भात लावणे, उकिडवे बसून बेणणे, पाटावर बसून विळी, हे पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही आणि बहुधा नाहीच. आक्काच्या मुलाने विळी ओट्यावर पक्की बसवून दिली. आधी ती फुरंगटली, आता उभ्याने कोयऱ्या फोडते.

वहीतले शेवटचे आकडे असे. उजवा गुडघा, भूल देऊन वाकवल्यानंतर आणि वर्षभर व्यायाम करून, शंभर अंश. डावा, तीन महिन्यांतच एकशे अठरा. मोगऱ्याच्या हंगामात आक्का पहाटे उंच मोड्यावर बसून हाताला येतील त्या कळ्या खुडते, खालच्या फांद्या सून बघते. नालासोपाऱ्याला जाताना रिक्षात बसली की डावा पाय आत दुमडून घेते आणि उजवा थोडा बाहेर राहतो. रिक्षावाला हटकतो, "आजी, पाय आत घ्या." ती माझ्याकडे बघते आणि सांगते, "याला विचार."